न सोडलेल्या गाठीबद्दल: ग्रंथनिवड समितीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथनिवड समितीचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

आपलं तीन ओळींचं पत्र पोचलं. ‘सदर पुस्तके विशिष्ट धर्माचा प्रचार करणारी असून त्यांना वाङ्मयीन मूल्य नसल्याने देणगी म्हणून स्वीकारता येत नाहीत.’ खाली शिक्का, सही, जावक क्रमांक. मी देणगी म्हणून दिलेली पुस्तकांची पेटी शिपाईदादांनी परत आणून ओसरीवर ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि जाता जाता म्हणाले, “बाई, ही कुणी उघडली पण नाही हं.” ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. सुतळीला मी मारलेली गाठ जशीच्या तशी होती. छत्तीस वर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले आहेत, स्वतःची गाठ ओळखता येते.

वाचून नाकारली असती तर मी गप्प बसले असते. निम्म्या पुस्तकांबाबत तर आपल्याशी सहमतही झाले असते. न उघडता नाकारली, म्हणून हे पत्र. आणि खुलं अशासाठी, की तेही आवक वहीत न उघडता पडून राहू नये.

पेटी माझ्या थोरल्या वहिनीची. गेल्या ऑगस्टात ती, आमच्या ख्रिस्ती मंडळीत म्हणतात तशी, प्रभूमध्ये झोपी गेली. एकतीस वर्षं मिशन हॉस्पिटलात सिस्टर होती. इंग्रजी तिला आलं ते औषधांच्या बाटल्यांवरून आणि डॉक्टरांच्या केसपेपरवरून. निवृत्तीनंतर पुण्याला, नगरला किलोवर इंग्रजी पुस्तकं विकणारी प्रदर्शनं लागली की ही पिशवी घेऊन निघायची. येताना दोन-तीन किलो कादंबऱ्या. अशा चौसष्ट जमल्या, आणि सगळ्या एकाच गोत्रातल्या: युद्ध नुकतंच संपलेला युरोप, त्यात एक प्रेमकथा, एक रहस्य, आणि त्या दोन्हींमधून वाट काढणारी श्रद्धा.

हा प्रकार आपल्या पाहण्यात नसेल तर थोडं सांगते. मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, अंगात लांब कोट, हातात सुटकेस, वर विमानं किंवा मागे आयफेल टॉवर. गोष्ट म्युनिकची असली तरी टॉवर असू शकतो. (वहिनीचं मत: “टॉवरचं वजन वेगळं लावत नाहीत ना, मग असू दे.”) लेखिका बहुतेक अमेरिकन, प्रकाशक ग्रँड रॅपिड्स, मिनिआपोलिस, नॅशव्हिल अशा गावांतले. १९७९ साली बेथनी हाउसने जॅनेट ओक या कॅनडातल्या बाईंची एक साधी प्रेमकथा काढली, ती अफाट खपली आणि तिथून या व्यवसायाने बाळसं धरलं. नियम ठरलेले. शिवी नाही. शयनगृहाचं दार वाचकाच्या तोंडावर बंद. नायक-नायिकेपैकी निदान एकाचा देवावरचा विश्वास उडालेला असतो, तो शेवटाआधी परत येतो. आणि लग्न. आपल्याकडच्या जुन्या कौटुंबिक सिनेमात लग्न ठरायच्या आधी दोन फुलं एकमेकांवर आपटायची, त्याच शाळेतलं हे. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि आम्ही दोघी नणंद-भावजय पुष्कळ हसलोही.

पण मी इतिहासाची शिक्षिका. आमच्या पाठ्यपुस्तकात ८ मे १९४५ला युरोपातलं युद्ध संपायचं आणि पुढच्या पानावर संयुक्त राष्ट्रसंघ. त्या दोन पानांच्या मधे काय झालं हे मी कधी शिकवलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं. इंग्लंड जिंकलं होतं, तरी युद्ध चालू असताना जो पाव खुला मिळत होता तो जुलै १९४६पासून दोन वर्षं रेशनवर गेला, आणि रेशनकार्ड पुरतं सुटायला जुलै १९५४ उजाडला, हे मला कळलं एका कादंबरीतल्या लग्नाच्या केकमुळे. नायिकेची आत्या केकसाठी सहा महिने साखर साठवते. मी म्हटलं, लेखिका वाढवून सांगते आहे. ताडून पाहिलं तर बाईंनी कमीच सांगितलं होतं.

चुकाही सापडायच्या. एकीत अमेरिकन सैनिक आणि जर्मन मुलगी १९४५च्या उन्हाळ्यात चर्चमध्ये थाटात लग्न करतात. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला अमेरिकन शिपायाला जर्मन माणसाशी हस्तांदोलन करायचीसुद्धा मनाई होती. लग्नाची परवानगी मिळायला डिसेंबर १९४६ यावा लागला. मी तावातावाने वहिनीला दाखवलं. तिने ते पान आधीच पाहिलं होतं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘घाई.’

तर मुख्य मुद्दा हा, या पेन्सिलीचा. आपल्याला वाटतं तसा या पुस्तकांचा वाचक आ वासून बसलेला नसतो. चौसष्टच्या चौसष्ट पुस्तकांच्या समासात एका निवृत्त सिस्टरने हुज्जत घातली आहे. आपण गाठ सोडली असती तर पहिल्याच पुस्तकात दिसली असती.

जर्मनीतल्या कोलोन शहराचं उदाहरण घ्या. १९४६-४७चा हिवाळा कडाक्याचा होता. शहर ढिगाऱ्यात, लोक तळघरांत, आणि कोळशाच्या मालगाड्या डोळ्यांसमोरून जायच्या. कादंबरीतली नायिका धावत्या वाघिणीवर चढून कोळसा खाली टाकते आणि रात्रभर ‘चोरी करू नको’ या आज्ञेने तळमळते. मला ते नाटकी वाटलं. पण खुद्द कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल फ्रिंग्ज ३१ डिसेंबर १९४६च्या प्रवचनात म्हणाले होते, की जीव आणि प्रकृती राखायला जे लागतं ते कष्टाने किंवा मागून मिळतच नसेल, तर माणसाने ते घ्यायला हरकत नाही. पुढे त्यांनी मर्यादाही सांगितली होती. ती कोण ऐकतो! लोकांनी कार्डिनलच्या आडनावाचंच क्रियापद केलं, ‘फ्रिंग्जेन’, म्हणजे पोटासाठी चोरणं. धर्मगुरूच्या नावाने चोरीला शब्द मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. वहिनीच्या पेन्सिलीने तिथे लिहिलंय, ‘मीही आणला असता. पण शेजारणीला अर्धा दिला असता का?’ आता यात प्रचार कुठला ते मला दाखवा.

दुसरी जागा. अमेरिकन अमलाखालच्या जर्मनीत माणसाचा नाझी पक्षाशी संबंध किती हे ठरवायला १३१ प्रश्नांचा छापील फॉर्म भरून घ्यायचे. फॉर्मसोबत कुणा भल्या माणसाचं प्रशस्तिपत्र असलं की काम सोपं, आणि भला माणूस म्हणजे बहुधा पाळक, चर्चचा धर्मगुरू. असल्या कागदांना लोक ‘पर्सिल सर्टिफिकेट’ म्हणायचे. पर्सिल ही तिथली धुण्याची पावडर. आपण म्हणतो ना धुतल्या तांदळासारखा, तसं हे पावडरीत धुतलेलं. ऑक्टोबर १९४५मध्ये जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या पुढाऱ्यांनी श्टुटगार्टला आम्ही अधिक धीटपणे उभे राहिलो नाही अशी कबुली दिली, आणि त्याच चर्चमधले कितीतरी पाळक पुढे ही धुलाईची सर्टिफिकेटं वाटत होते. रहस्यकथेला याहून सुपीक जमीन नाही. शेजारचा चांगला माणूस खरंच चांगला होता, की कागदावर? चांगली लेखिका नायिकेच्या हातात असा कागद ठेवते, त्यावर तिच्याच वडिलांची, पाळकाची, सही असते, आणि मग शंभर पानं आपण जेवणाचं ताट बाजूला सारून वाचतो. वाईट लेखिका तळघरात ट्रान्समीटर सापडवते. पेटीत दोन्ही प्रकार आहेत. मी ते लपवत नाही.

आणि शोधाशोध. हरवलेलं मूल, बेपत्ता नवरा, दुसऱ्याच्या नावावर जगणारा माणूस, हे या कादंबऱ्यांचं नेहमीचं भांडवल. मला वाटायचं की एवढी माणसं हरवतील कशी? जर्मनीतल्या आरोल्सन गावी युद्धानंतर शोधकार्याचं दफ्तर उभं राहिलं, तिथे आज सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांबद्दलचे कागद आहेत. छावण्यांच्या याद्या, मजुरांच्या नोंदी, कार्डंच कार्डं. निर्वासित ज्यूंची शेवटची छावणी, बव्हेरियातली फ्यॉरेनवाल्ड, बंद व्हायला १९५७ साल आलं. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली, त्या वर्षापर्यंत काही कुटुंबांचं युद्धच संपलं नव्हतं.

आता एक जागा अशी, जिथे मी पुस्तक मिटून ओसरीवर येऊन बसले. फ्रान्स जर्मनांच्या हातून सुटलं तेव्हा जर्मनांशी संबंध ठेवल्याचा ठपका ज्यांच्यावर आला त्या बायकांचे भर चौकात केस भादरले. अशा सुमारे २०,००० बायका होत्या म्हणतात. काहींनी जर्मन माणसावर प्रेम केलं होतं, काहींनी भाकरीसाठी दार उघडलं होतं, काहींवर नुसता शेजाऱ्यांचा राग होता. भादरणारे पुरुष, आणि त्यातले काही स्वतः चार वर्षं मान खाली घालून होते. डोक्याला रुमाल बांधलेली नायिका गाव सोडून जाते इथून ती कादंबरी सुरू होते.

मराठी वाचकाला या रुमालाचं काय समजवायचं? आपल्या ग्रंथालयात दर्शनी कपाटात, ‘मराठीतील आद्य कादंबरी’ अशी चिठ्ठी लावून, बाबा पदमनजींची १८५७ची ‘यमुनापर्यटन’ ठेवली आहे. ती आपण कधी चाळली असेल अशी आशा आहे. हिंदू विधवांची स्थिती, केशवपनाची भीती, नवऱ्यासोबतचा प्रवास, वैधव्य, ख्रिस्ती श्रद्धा आणि शेवटी पुनर्विवाह. म्हणजे आपल्या पत्राच्या भाषेत ‘विशिष्ट धर्माचा प्रचार करणारी’. लेखक ख्रिस्ती, हेतू उघड, आणि मराठी कादंबरीचा उंबरठा तिनेच ओलांडला म्हणून आपण तिला काचेत ठेवलं. मग वहिनीच्या पेटीला वेगळा नियम का? बाईचे केस कुणाच्या हुकमाने जातात हा प्रश्न १८५७ला मराठीत प्रचार नव्हता, तर फ्रान्समधल्या चौकातही नाही.

प्रचाराच्या आरोपाला मी इथेच उत्तर देऊन सुटू शकले असते. पण त्यात तथ्य आहे, आणि ते माझ्याच तोंडून आलेलं बरं.

या कादंबऱ्यांत एक खोड आहे. लपवून वाचवलेलं ज्यू मूल किंवा छावणीतून परतलेली ज्यू मुलगी शेवटच्या पन्नास पानांत येशूकडे वळते, आणि लेखिकेला वाटतं की हा गोड शेवट. मी ख्रिस्ती आहे, बाप्तिस्म्याचा मला आनंद आहे, तरीही अशा पानावर माझे हात गार पडतात. कारण खरं काय घडलं ते फ्रान्समधल्या ग्रेनोबलला घडलं. फिनाली नावाचं ज्यू दांपत्य १९४४मध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं गेलं. दोन लहान मुलगे मागे राहिले. आंत्वानेत ब्रुं या बाईंनी ते सांभाळले, जीव लावला. मोठे उपकार. पण युद्ध संपल्यावर मुलांच्या आत्या त्यांना मागू लागल्या तेव्हा बाईंनी दिले नाहीत. १९४८मध्ये मुलांना बाप्तिस्मा दिला, म्हणजे आता ती चर्चची झाली. कोर्टाने आत्याच्या बाजूने निकाल दिला तर मुलांना सीमेपलीकडे स्पेनमध्ये पळवलं, त्यात जोगिणी, म्हणजे नन, आणि फादर अडकले, अटका झाल्या. १९५३च्या जूनमध्ये मुलं परत आली आणि पुढच्याच महिन्यात नातेवाइकांबरोबर इस्रायलला गेली. वाचवणारा हात आणि धरून ठेवणारा हात एकच. ज्या लेखिकेला या प्रकरणातली वेदना दिसत नाही तिने त्या काळावर लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशा अकरा कादंबऱ्या पेटीत निघाल्या. वहिनीने त्यातल्या एकीवर लिहिलंय: ‘हिच्या आईला कुणी विचारलं?’

श्रद्धा बदलायची तर तिचा वेळ तिला द्यावा लागतो. मराठी माणसाला हे शिकवायला ग्रँड रॅपिड्सहून कुणी यायला नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९००ला. मधली पाच वर्षं ‘स्मृतिचित्रे’त आहेत. ती भांडणं, तो विरह, नवऱ्यावरचा राग, शिवाशिवीचं ओझं आणि त्यातूनही सुटणारं हसू. अमेरिकन कादंबरीत हे पावणेदोन पानांत उरकलं असतं, बहुधा पावसात. वहिनीने ‘स्मृतिचित्रे’ किती वेळा वाचलं होतं याची मोजदाद नाही, आणि म्हणूनच तिला दुसरीकडची ‘घाई’ दिसायची.

क्षमेचंही तेच. या सगळ्या प्रकारची आदिमाता मला विचाराल तर कॉरी टेन बूम. हॉलंडमधल्या हार्लेमच्या घड्याळजीची मुलगी. घरात ज्यूंना लपवलं म्हणून फेब्रुवारी १९४४मध्ये सगळं घर पकडलं गेलं, वडील दहा दिवसांत गेले, बहीण बेट्सी डिसेंबरात राव्हेन्सब्रुक छावणीत गेली. १९४७मध्ये कॉरी म्युनिकच्या एका चर्चमध्ये क्षमेवर बोलली, आणि सभा संपल्यावर राव्हेन्सब्रुकचाच एक पहारेकरी हात पुढे करून समोर उभा राहिला. मला क्षमा करा म्हणाला. नुकतीच क्षमेवर बोललेल्या बाईचा हात उचलेना. ती स्वतःच सांगते की उचलेना. मग मनात प्रार्थना, आणि मग कुठे हात पुढे गेला.

पुढच्या शेकडो कादंबऱ्यांनी हा प्रसंग उचलला आणि त्यातला न उचलणारा हात तेवढा गाळला. अश्रू, मिठी, संगीत. वहिनी अशा ठिकाणी ‘उगाच’ लिहायची, दोनदा अधोरेखित. एका पुस्तकात मात्र नायिका हात मागे घेते, चर्चच्या पायऱ्या उतरते, आणि तो माणूस पुढच्या रविवारी परत मागच्या बाकावर येऊन बसतो. तिसऱ्या रविवारीही. ती त्याच्याकडे पाहत नाही. तिथे पेन्सिलीने फक्त एक तारीख आहे. ती तारीख मला समजली. वहिनी आणि तिची सख्खी बहीण जमिनीच्या वाटणीवरून बावीस वर्षं बोलत नव्हत्या. पण नाताळचा डबा जायचा, करंज्या, चकल्या, डोनट. डबा तिकडून रिकामा यायचा नाही. शब्द मात्र एक नाही. ती तारीख डब्याची होती. ही गोष्ट मी इथे लिहावी की नाही यावर दोन दिवस घालवले, मग वाटलं, ‘वाङ्मयीन मूल्य नाही’ हा शेरा ज्या पानावर पडला आहे त्या पानाचा काय उपयोग झाला तेवढं तरी समितीला ठाऊक असावं.

खलनायकांबद्दल थोडक्यात. या लेखिका पाद्र्याला खलनायक करायला कचरतात, म्हणून त्यांचं रहस्य बरेचदा पाणचट होतं. बिशप आलोइस हुडाल रोममध्ये सांता मारिया देल्लानिमा इथे बसून पळणाऱ्या नाझींना मदत करत होते. ट्रेब्लिंका मृत्युछावणीचा कमांडंट श्टांगल त्यांच्याच मदतीने निसटला आणि थेट १९६७मध्ये ब्राझीलमध्ये सापडला. ज्या दोन कादंबऱ्यांनी अशा झग्याला हात घातला आहे त्या मी यादीत सर्वांत वर ठेवल्या आहेत. आपल्या समितीला ‘प्रचार’ वाटणाऱ्या पुस्तकांत आमच्याच घरची धुणी धुतलेली सापडली तर नवल वाटू देऊ नका.

जिन्यात भेटलेले एक सभासद मला म्हणाले, “बाई, युरोपच्या भानगडी इथे कोण वाचणार?” त्यांना मी तिथेच विचारायला हवं होतं की लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कधी गेला आहात का. सगळे जातात. ते गांधीनगर म्हणजे वळिवडे. तिथे १९४३पासून १९४८च्या सुरुवातीपर्यंत सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने १९४०च्या सुमारास घरातून उचलून सैबेरियात नेलेली, तिथून इराणमार्गे आपल्याकडे आलेली. त्यांचं चर्च होतं, शाळा होत्या. घरचे पुरुष पोलिश सैन्यात इटलीत लढत होते. मे १९४४मध्ये मोंते कसिनो पोलिश सैन्याने घेतलं, त्याची किंमत काय पडली याच्या बातम्या पंचगंगेच्या काठी पोचत होत्या. युद्ध संपलं तेव्हा यांना जायला घर नव्हतं. पूर्व पोलंडमधली त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी आणखी कुठे. आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या बराकींत कोण आलं? फाळणीत सिंध सोडून आलेले सिंधी. एका निर्वासिताची खोली दुसऱ्या निर्वासिताला. युद्धोत्तर युरोप आपल्याकडे साडीच्या दुकानात उभा आहे आणि आपण विचारता, इथे कोण वाचणार.

इटलीचं नाव निघालंच आहे तर, त्या देशावरच्या नऊ कादंबऱ्या पेटीत आहेत आणि एकीतही मराठा पलटणीचा माणूस नाही. १० जुलै १९४४ला नाईक यशवंत घाडगे तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे. अमेरिकन बाईंना माणगाव ठाऊक नसणार, तो त्यांचा दोष मानत नाही. पण वळिवड्यातली विधवा, तिची मुलगी आणि कसिनोहून आलेलं शेवटचं पत्र, ही कादंबरी मराठीत कुणीतरी लिहायला हवी. ती लिहिणाऱ्या मुलीला आधी चार बऱ्यावाईट कादंबऱ्या वाचायला मिळाव्या लागतील, आणि त्या आपल्या ‘अ’ वर्ग ग्रंथालयात नाही मिळाल्या तर कुठे?

आमच्या मंडळीच्या महिला मंडळालाही मी पेटी आधी दाखवली होती हे सांगून टाकते, नाहीतर आपल्याला वाटेल की ही बाई फक्त आमच्याशी भांडते. तिथल्या एका भगिनीने मुखपृष्ठं पाहिली आणि म्हणाली, “चुंबन आहे का यात?” एकंदर चौसष्ट पुस्तकांत असतील साठ-सत्तर, तीही लग्नाच्या बोलीनंतर. तिथेही नको झाली. इकडे फार धर्म, तिकडे फार प्रेम.

तर विनंती अशी. चौसष्ट घ्या असं मी म्हणतच नाही. मी सगळी पुन्हा वाचली, चार महिने लागले. ज्यांत ज्यू मुलांना शेवटी गोडीगुलाबीने चर्चमध्ये नेऊन बसवलंय ती अकरा काढली. नुसतीच ट्रान्समीटरवाली काढली. इतिहासाच्या ढोबळ चुका असलेली काढली. वाळवी लागलेली चार काढली. उरली तेवीस. त्यांची यादी सोबत आहे, प्रत्येकीपुढे दोन ओळी: गोष्ट कुठल्या देशातली, कुठल्या सालातली, त्यात खरं किती आणि माझ्या मते कच्चं कुठे. ही तेवीस इंग्रजी विभागात कादंबऱ्यांच्याच कपाटात लावावीत. धर्माच्या कपाटात नकोत, तिथे ती कुणाला सापडणार नाहीत. दाखल नोंद, चिठ्ठ्या, प्लॅस्टिकची कव्हरं यांचं काम मी आणि माझी भाची येऊन करून देऊ.

एक अट मात्र आहे. आपल्या नियमावलीत देणगीची पुस्तकं दाखल करण्यापूर्वी आतल्या खुणा खोडून स्वच्छ करावीत असं कलम आहे, मी वाचलंय. या तेवीस पुस्तकांत ते लावू नये. शनिवारी अकरा वाजता रिक्षाने पेटी परत पाठवते. गाठ या वेळी सैल बांधली आहे.

आपली,
एक सभासद, इतिहासाची निवृत्त शिक्षिका